चावी द्यायची की टॉमी काढायची?

नेकनूरचा पाव्हणा : पंधरा दिवसांखाली माझा मेव्हणा संभाजीनगरहून लातूरला निघाला. बीड सोडलं, मांजरसुंब्याचा घाट चढला, केजच्या रस्त्याला लागला. रात्रीचा दीड. मागून मोटारसायकल आली. मागं बसलेला पोरगा चाकाकडं बोट करून ओरडला, "ऑइल गळायलंय!" हा थांबला. खाली वाकून बघतो तर मानेवर कोयत्याचं गार पातं, आणि बाभळीतनं आणखी दोघं बाहेर. यानं चावी दिली, मोबाइल दिला, अन् अंधारात चालत सुटला. आता घरी भेटायला येणारा जो तो म्हणतो, "दोन टोले तरी द्यायचे." माझ्या मते चावी दिली हे बरोबरच. चुकला तो थांबला तिथं.

टॉमीवाला : नाही पटलं भाऊ. असंच देत गेलो तर उद्या त्यांना कोयता बी लागायचा नाही, नुसतं हात पुढं करतील. माझ्या सीटखाली टॉमी असती, चाक खोलायची लोखंडी दांडी. बावीस वर्षं झाली गाडी चालवायलो.

काळा कोट : बावीस वर्षांत ती किती वेळा काढली, तेवढं सांगा. बाकी कायदा तुमच्याच बाजूनं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 प्रमाणे जबरी चोरी होत असताना स्वसंरक्षणाचा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. मात्र कलम 37 म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. चोर पळाला, भीती संपली, आणि तुम्ही मागं धावून डोक्यात घातली तर आरोपी तुम्ही. हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात लुटलं तर शिक्षा 10 ऐवजी 14 वर्षांपर्यंत जाते. पण कोर्टात उभं राहायला आधी जिवंत राहावं लागतं.

टॉमीवाला : कायदा माझ्या बाजूनं आहे म्हणालात, आता सांगा टॉमी ठेवू नको!

काळा कोट : सीटखालची टॉमी काढायला वाकावं लागतं. कोयता आधीच मानेवर असतो.

पिकअप जालना : वकीलसाहेब, तुमचं कारवाल्यांना ठीक आहे. माझ्या पिकअपचे हप्ते चालू आहेत आणि विमा नुसता थर्ड पार्टी. त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. गाडी गेली की दुसऱ्या दिवशी मोसंबी कशात भरू? "जीव वाचला ना" म्हणणारा माझा हप्ता भरतो का? मी तरी सहजासहजी चावी देणार नाही.

अंबाजोगाईची ताई : दादा, तुमची अडचण खरी आहे. पण मागच्या सीटवर लेकरू झोपलेलं असेल तर? मला त्याचीच भीती वाटते. माझी गाडी बटणावर चालू होते. चालू असताना मी उतरले आणि चावी माझ्या पर्समध्ये राहिली तरी इंजिन बंद पडत नाही, गाडी पुढं जात राहते. म्हणजे चावी लांब फेकली की गाडी अडेल, हे आमच्या ह्यांचं गणित तिथंच फसतं. मी एकच ठरवलंय : आधी "लेकरू मागं आहे" असं ओरडायचं, ते बाहेर घ्यायचं, मग गाडी न्या म्हणायचं. हात वर, आणि सीटबेल्ट काढताना आधी सांगायचं. नाहीतर त्यांना वाटतं, ही काहीतरी काढायलीय.

नेकनूरचा पाव्हणा : ताई, सीटबेल्टचं कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

लातूर ट्रॅव्हल्स : कुणी ऑइल म्हणो, चाक म्हणो, काच लॉक ठेवून उजेडापर्यंत चालवत राहा. पंप, ढाबा, टोलनाका, काहीही. इंजिन ऑइलचा दाब खरंच पडला तर मीटरवर लाल दिवा लागतो. समोर दगड लावले असतील तर लांबूनच गाडी वळवा. 112 फिरवा. पिकअपवाल्या भाऊंना एक सांगतो : जीपीएस बसवा, पण डॅशबोर्डाखाली नको. चोर पहिला हात तिथंच घालतो.

टॉमीवाला : म्हणजे सगळ्यांनी मिळून मला भित्रा करायचं ठरवलंय. टॉमी तशीच राहणार.

काळा कोट : राहू द्या, पंक्चरला लागते. तुमचा विमा पूर्ण आहे ना? मग चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चोरानं नेली हे एफआयआरमध्ये येतं, दुसरी तुम्हाला दाखवावी लागते. ती कुठं ठेवलीय?

टॉमीवाला : आत्ताच घरी फोन करून विचारलं. डॅशबोर्डात आहे म्हणे, आरसी बुकासोबत.