फाउंटनलाच गोळीबार का झाला? मोर्चा तर विधानसभेवर निघाला होता ना?

सायली_दादर

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रकल्पासाठी हुतात्मा चौकावर (म्हणजे पूर्वीच्या फ्लोरा फाउंटनवर) लिहायचंय. इंटरनेटवर जे मिळतं ते सगळं एकसारखंच: २१ नोव्हेंबर १९५५, संयुक्त महाराष्ट्राची मागणी, विधानसभेवर मोर्चा, फ्लोरा फाउंटनला गोळीबार, १०६ हुतात्मे.

मला एक साधी गोष्ट कळत नाहीये. विधानभवन आहे नरिमन पॉइंटला. चर्चगेटला उतरलं की तिथे जायला फाउंटनकडे वळायचं कारणच नाही, ते उलट्या दिशेला आहे. मग लोक तिथे जमले कसे? आणि १०६ माणसं खरंच त्या एका चौकात गेली का? आमच्या मॅडम म्हणाल्या, "जागेबद्दल लिही, तारखा सगळेच लिहितात." म्हणून विचारतेय. कुणी तो भाग जवळून पाहिला असेल तर सांगा प्लीज. आणखी एक, आता तिथे मोर्चे का दिसत नाहीत?

फणसवाडीकर

सायली, प्रश्न आवडला. माझी सगळी नोकरी फोर्टात विमा कंपनीत झाली, युनियनचा झेंडा धरून त्या रस्त्यावर बरंच चाललोय, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे १९५५ मध्ये नरिमन पॉइंटचं विधानभवन नव्हतंच. त्याचं उद्घाटन १९८१ चं, इंदिरा गांधींच्या हस्ते. त्याआधी विधानसभा भरायची रीगल सिनेमासमोरच्या जुन्या दगडी इमारतीत. मुळात ते खलाशांसाठी बांधलेलं वसतिगृह, १९२८ पासून तिथे कायदेमंडळ आलं. आज तिथे पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. (ज्या इमारतीवर मोर्चे जायचे तिथेच आता पोलिसांचं मुख्यालय. असो.)

आता नकाशा उघड. गिरणगावातून येणारा माणूस बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, उतरणार आणि हॉर्नबी रोडने, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडने, खाली येणार. पश्चिमेकडचा चर्चगेटहून येणार. गिरगावातला धोबीतलावावरून चालत येणार. हे सगळे एकत्र मिळतात ते फाउंटनला. तिथून महात्मा गांधी रोडने सरळ दक्षिणेला पाच-सात मिनिटांवर काळा घोडा, आणखी तेवढंच चाललं की रीगल. म्हणजे विधानसभेकडे जायची वाट जिथे एक होते तो हा नाका. पोलिसांनाही हे माहीत होतं. मोर्चा तोडायचा तर इथेच तोडायला हवा, पुढे गेला की तो थेट दारात.

पार्श्वभूमी थोडक्यात. ऑक्टोबर ५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, त्यात मुंबईसह मराठी राज्य नव्हतं. पुढे दिल्लीहून त्रिराज्य योजना आली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई वेगळी. २० नोव्हेंबरला चौपाटीवर तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे पुढारी स. का. पाटील यांची सभा झाली. पाटील म्हणाले, पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजींनी तोच सूर लावला. सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी संप आणि मोर्चा. अशा वेळी चौकात कुठल्या मनःस्थितीत माणसं आली असतील ते वेगळं सांगायला नको. आधी अश्रुधूर, लाठ्या, मग गोळ्या. त्या दिवशी १५ जण गेले.

माझे वडील फोर्टातल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते. गडबड सुरू झाली तशी मालकाने शटर खाली ओढलं. आत दहा-बारा माणसं, खिळ्यांच्या पेट्या, आणि फटीतून येणारा धूर. वडील सांगायचे, हात धुवायची बादली होती तिच्यात रुमाल बुडवून सगळे बसले. गोळीचा आवाज पहिल्यांदा कुणाला ओळखताच आला नाही, वाटलं बाहेर कुणी पत्रा आपटतंय. संध्याकाळी शटर अर्धं उघडून एकेकाला सोडलं. ट्राम बंद. फाउंटन टाळून मागच्या गल्ल्यांतून गिरगावात चालत आले. आईने विचारलं उशीर का, तर म्हणे काम होतं. ही हकीगत त्यांनी आम्हाला सांगितली ती पुष्कळ वर्षांनी.

तुझा दुसरा प्रश्न. १०६ माणसं त्या चौकात गेली नाहीत. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करणार असं रेडिओवरून सांगितलं आणि शहर पेटलं. पुढचा आठवडाभर गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, परळ अशा वस्त्यांतून गोळीबार होत राहिला. बहुतेक बळी तेव्हाचे. यादीत बेळगाव-निपाणीकडचीही माणसं आहेत. आकडाही पूर्वी १०५ सांगायचे, आता १०६ म्हणतात, काही जण १०७ धरतात. प्रकल्पात एक आकडा ठामपणे लिहिण्याआधी ती यादी स्वतः वाच. पहिली तीन नावं अशी: सीताराम बनाजी पवार, जोसेफ डेव्हिड पेजारकर, चिमणलाल डी. शेठ. हे "मराठी विरुद्ध गुजराती भांडण" होतं असं कुणी सांगायला लागलं तर त्याला ही तीन नावं वाचून दाखव.

मीना_गोरेगाव

फणसवाडीकर, छान लिहिलंत. यात बायकांचा एक मुद्दा घालते. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघायचे. माझी आई त्यात असायची. ती सांगते, बाकी मोर्चेवाल्यांच्या हातातल्या काठ्या पोलीस काढून घ्यायचे, लाटण्याचं काय करायचं ते त्यांना समजायचं नाही. आईचं लाटणं अजून घरात आहे, आणि त्यावर रोज पोळ्या होतात, जपून वगैरे ठेवलेलं नाही.

सायली, आजी-आत्या कुणी असतील तर त्यांनाही विचार. पुरुष तारखा सांगतात, बायका काय खाऊन निघालो होतो ते सांगतात. दोन्ही लिही.

सायली_दादर

बापरे, एवढं सगळं! काका, खूप आभार. रीगलचं मला अजिबात माहीत नव्हतं. मीनाताई, आजीला आजच फोन करते.

मग आता मोर्चे तिथे का नाहीत? विधानभवन हललं म्हणून?

फणसवाडीकर

ते एक कारण, पण त्याच्याआधीच सुरुवात झाली होती. माझ्या काळात मोर्चा फाउंटनच्या पुढे यायचा आणि काळ्या घोड्याला अडवायचा, असा जणू करारच होता. घोडा स्वतः, म्हणजे ज्यावरून नाव पडलं तो पुतळा, १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला होता, तरी पोलीस, पुढारी, सगळे "काळ्या घोड्याला" असंच म्हणायचे. रस्त्यावर आडव्या लाकडी अडसरांच्या मागे हवालदारांची रांग, बाजूला निळ्या गाड्या. आम्ही डांबरावर बैठक मारायची. पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जायचं. ते परत येईपर्यंत भाषणं, घोषणा, शेंगदाणे. शिष्टमंडळ आलं की पुढारी ट्रकवर चढून सांगणार, मंत्रिमहोदयांनी सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचं आश्वासन दिलंय. की झेंडे गुंडाळून चर्चगेट. पण विधानसभा हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या माणसाला खिडकी उघडली तर घोषणा ऐकू जात असणार असं आम्ही तरी धरून चालायचो.

विधानभवन नरिमन पॉइंटला गेलं तशी ती वाट निरुपयोगी झाली. मग नव्वदच्या दशकात चर्चगेट-नरिमन पॉइंटकडचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले: वाहतूक तुंबते, भोंगे वाजतात, राहणं मुश्कील होतं. तक्रार खोटी नव्हती, आमच्यासारख्यांनी त्यांना भरपूर त्रास दिलाय. १९९७ पासून मोर्चे आझाद मैदानापुरते झाले. तिथेही एक कोपरा, परवानगीची वेळ आणि माणसांची मर्यादा.

प्रकल्पाला जागा हवी आहे ना, मग हीच रेघ काढ. कोणत्या काळात मोर्चा कुठे अडवला: आधी फाउंटन, मग काळा घोडा, मग आझाद मैदान. प्रत्येक ठिकाणाहून त्या वेळच्या विधानसभेपर्यंतचं अंतर मोज. माझं मत विचारशील तर या शहरात निदर्शनांवर बंदी कधीच घातली नाही, फक्त ती ऐकू येणार नाहीत इतकी लांब नेऊन ठेवली. २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी १८० किलोमीटर चालत आले, दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून मुंबईत रात्रीतून चालले, आणि पहाटे आझाद मैदानात येऊन बसले. मुंबईकरांनी डोळे पुसले, पाणी-बिस्किटं वाटली. गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ ला, मराठा आंदोलक पाच हजारांची मर्यादा ओलांडून मैदानाबाहेर सीएसएमटीभर पसरले, तेव्हा तेच मुंबईकर वैतागले आणि न्यायालयाला मैदान रिकामं करा म्हणावं लागलं. दोन्ही वेळी मागण्या काय होत्या हे माझ्या सोसायटीत चार जणांना नीट सांगता येणार नाही. रस्ता अडला की नाही, तेवढं मात्र सगळ्यांना आठवतं.

बर्डीवाला

नागपूरकर म्हणून मधात बोलतो. आमच्याकडे हिवाळी अधिवेशनात हेच चालते. मोर्चा निघाला की टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवून ठेवतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवून ठेवला होता. चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. तिथे गोळी नव्हती, नुसता अडसर आणि मागून येणारी गर्दी. आता बर्डीत स्मारक आहे, उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. सायली, तुझ्या रेघेवर नागपूरचाही एक बिंदू टाक बाप्पा.

फणसवाडीकर

बर्डीवाला, बरोबर. हे यायलाच हवं होतं.

सायली, जाशील तेव्हा रविवारी सकाळी जा, एरवी त्या नाक्यावर उभं राहायला मिळत नाही. स्मारकात शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, ते सगळे बघतात. तू शेजारी सापडलेले ट्रामचे जुने रूळ ठेवलेत तेही बघ. आणि फाउंटनवरची फ्लोरा देवी १८६४ ची आहे, जुन्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता साधारण त्याच जागी. मुळात ती राणीच्या बागेसाठी बनवली होती, पण इथे आली. तिथून रीगलपर्यंत चाल, मग उलट आझाद मैदानापर्यंत. घड्याळ लाव आणि मिनिटं इथे टाक. आम्हा म्हाताऱ्यांची पाच-सात मिनिटं खरी की खोटी तेही कळेल.