जांघेतून घातलेला छोटा पंप हृदयासाठी नेमके काय करतो?

प्रश्न
नमस्कार. वडिलांना मोठा हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, तरी रक्तदाब सावरेना, म्हणून डॉक्टरांनी छाती न उघडता जांघेतील धमनीतून इम्पेला नावाचा पंप हृदयात बसवला आहे. एवढासा पंप खरोखर पुरेसा पडतो का, आणि परिचारिका दर तासाला त्यांचा पाय का तपासतात?

उत्तर
मी हृदयरोग अतिदक्षता विभागात काम करते. हा पंप महाधमनीच्या झडपेतून डाव्या खालच्या कप्प्यात उतरतो आणि तेथील रक्त ओढून थेट महाधमनीत सोडतो. त्याचा सीपी हा प्रकार जेमतेम ५ मिलिमीटर जाडीचा असूनही मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर रक्त पुढे ढकलू शकतो. मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की केवळ औषधांनी रक्तदाब वाढवणे म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणे होय, तर पंप त्याच्या मानेवरचे जू हलके करतो. कप्प्यावरचा ताण उतरतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज कमी होते. मात्र नळीने धमनीची बरीच जागा व्यापल्यामुळे पायाचा रक्तपुरवठा घटू शकतो, म्हणून नाडी, रंग आणि उबदारपणा सतत पाहावा लागतो.

उत्तर
वरील उत्तरात पुराव्याची भर घालतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधील चाचणीत अशाच रुग्णांपैकी पंप बसवलेल्या गटात १८० दिवसांत ४५.८ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५८.५ टक्के रुग्ण दगावले. परंतु रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा खंडित होणे आणि डायलिसिसची गरज हे सारे पंपाच्या गटात अधिक होते, शिवाय हृदय बंद पडून बेशुद्ध राहिलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. त्यामुळे हा निष्कर्ष प्रत्येक रुग्णाला सरसकट लावता येत नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आज सकाळपासून लघवी लालसर दिसते आहे. हे पंपामुळे असेल का?

उत्तर
असू शकते, म्हणून आत्ताच परिचारिकेला सांगा. पंपाचे पाते अतिवेगाने फिरताना तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि पंप जागेवरून थोडा सरकला असल्यास हे अधिक होते. अशा वेळी डॉक्टर इकोमध्ये पाहून तो पुन्हा नीट बसवतात किंवा वेग कमी करतात. पुढे हृदय सावरू लागले, की वेग टप्प्याटप्प्याने उतरवून ते स्वतःच्या बळावर रक्तदाब टिकवते का, हे पाहिल्यावरच पंप काढला जातो.