मदत हवी आहे: वरून पाहताना उतरण्याजोगं रान कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी औशाची, सध्या सेस्ना १७२ एस या छोट्या एक-इंजिनी विमानावर विद्यार्थी पायलट. सरावात शिकवणारे सर थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतात, इंजिन गेलं समजून जागा निवडायची. ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) वेग धरणं, फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) वर, इंधन आणि मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारा भाग) तपासणं हे हातात बसलंय. जमिनीपासून ३००० फुटांवर असलो आणि वारा नसेल तर साधारण ८ किलोमीटर तरंगत जाता येतं. अडतंय ते शेत निवडताना.

सोयाबीन निघालेलं रान मोकळं दिसतं म्हणून तेच धरते. परवा ५०० फुटांवर आल्यावर दिसलं, नांगरट झालेली, ही मोठाली ढेकळं! तिथूनच पॉवर देऊन वर आलो. ऊस तर वरून मऊ हिरवळच वाटतो, प्रत्यक्षात माणसाहून उंच. तारा दिसत नाहीत, म्हणून खांबांच्या रांगा शोधते. रस्ता सुचवू नका, तारा आणि वाहनं तिथंही आहेतच. सर दुसऱ्या राज्यातले, आपली काळी रानं त्यांच्या ओळखीची नाहीत.

शेती करणारे आणि उडवणारे, दोघांनाही विचारते: नांगरलेलं, वखरलेलं आणि नुकतंच हरभरा पेरलेलं रान उंचावरून रंगावरून वेगळं कसं ओळखायचं? आणि १० नॉटच्या आतला वारा तासांना (नांगराच्या ओळींना) आडवा असेल, तर तासांच्या दिशेनं उतरायचं की वाऱ्याच्या तोंडावर?