तानिस कधीच हरवलं नव्हतं

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या सिनेमात इजिप्तमधलं तानिस शहर वाळूच्या वादळात गडप झालेलं दाखवलंय, आणि ते खरंच असावं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तानिस हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं ठिकाण, आणि तिथे फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १८८४ मध्येच उत्खनन केलं होतं. सिनेमाची गोष्ट १९३६ ची. तेव्हा पिएर मोंते हा फ्रेंच संशोधक तिथे कित्येक वर्षं खणत होता!

मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९३९-४० मध्ये मोंतेला तिथे राजांची थडगी सापडली. सुसेनेस पहिला या राजाचं थडगं तर चोरांचा हातही न लागलेलं. आतली शवपेटी अख्खी चांदीची, ममीच्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. ओलसर मातीत लाकूड कुजून गेलं होतं, धातू तेवढा टिकला. पण युरोपात युद्ध पेटलेलं, त्यामुळे तुतनखामेन राजाच्या थडग्यासारखा गाजावाजा झालाच नाही. आजही कैरोला जाणारे बहुतेक जण तुतनखामेनचंच नाव घेतात.

सिनेमा मलाही आवडतो, पण खऱ्या तानिसवर कुणीतरी चित्रपट काढायलाच हवा.