जपानी आरपीजी आता खेळाडूच्या हाती फारसे काही सोपवत नाहीत

उत्तररात्र (धागाकर्ता):

‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानी आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचा खेळ, १९९५ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रावर आला. त्याच्या सुरुवातीला गार्डिया राज्यात जत्रा भरलेली असते. तिथे खेळाडू एका मुलीला धडकतो आणि तिच्या गळ्यातले लोलक खाली पडते. तो आधी तिची विचारपूस करतो की थेट लोलक उचलतो, कुणाचे तरी ठेवलेले जेवण खातो की नाही, एका लहान मुलीचे हरवलेले मांजर शोधून देतो की नाही, यांपैकी कशावरही खेळ त्या वेळी काहीच बोलत नाही. पुढे नायकावर राजकन्येच्या अपहरणाचा खटला उभा राहतो आणि जत्रेतल्या याच गोष्टी न्यायालयात एकेक करून पुढे येतात. निकाल कोणताही लागला तरी कोठडी चुकत नाही, त्यामुळे कथा फारशी बदलत नाही. परंतु आपण सहज केलेली गोष्ट कुणीतरी पाहत होते, ही जाणीव खेळाडूला त्या प्रसंगातून होते आणि पुढचा सगळा खेळ तो वेगळ्या नजरेने खेळतो.

त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘फायनल फँटसी ६’मध्ये जग उद्ध्वस्त झाल्यानंतर सेलेस ही नायिका एका एकाकी बेटावर तिला आजोबांसारखा असलेल्या आजारी सिडला मासे पकडून भरवते. चपळ मासे भरवले तर तो वाचतो, संथ पोहणारे भरवले तर दगावतो. या दोन्ही वाटांनी कथा पुढे जाते, आणि कोणती वाट घडली याला खेळाडूचे हात कारणीभूत असतात.

माझे म्हणणे असे आहे की गेल्या दोन दशकांत या प्रकारातील मोठ्या खेळांमध्ये पडद्यावर दिसणारे सर्व काही वाढले आणि खेळाडूवर सोपवलेले मात्र आटत गेले. २०२३ च्या ‘फायनल फँटसी १६’चे उदाहरण घ्या. मासायोशी सोकेन यांचे संगीत उत्तम आहे, आयकॉन नावाच्या महाकाय शक्तींच्या झुंजी पाहताना भान हरपते. परंतु त्यात शत्रूंना अग्नी, बर्फ, वीज यांपैकी कशाचेही वावडे नाही, विषबाधा किंवा निद्रेसारख्या अवस्था नाहीत आणि टोरगल हा कुत्रा सोडला तर सोबतचे लढवय्ये आपल्या आज्ञेत नाहीत. अग्नीवर आणि बर्फावर हुकूमत असलेल्या माणसांची कथा सांगणाऱ्या खेळात अग्नी कुणावर वापरावा हा प्रश्नच उरत नसेल, तर ती कथा आणि तो खेळ शेजारीशेजारी चालतात, एकमेकांत मिसळत नाहीत. २०२४ च्या ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’मध्ये जग विस्तीर्ण आहे, पण मनोरे चालू करायचे, नकाशावर खुणा उमटवायच्या आणि चॅडली या पात्राने नेमून दिलेली कामे एकेक करून संपवायची, अशी त्याची रीत आहे. दर्जा घसरला असे मी म्हणतो ते या अर्थाने. चित्रण, संगीत आणि अभिनय यांबाबत माझी तक्रार नाही.

पानगळ:

धागाकर्त्यांनी दिलेली दोन्ही जुनी उदाहरणे खरी आहेत आणि मलाही प्रिय आहेत, पण त्यांवर उभारलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण त्या काळातले सर्वोत्तम दोन खेळ निवडता, त्यांतले सर्वोत्तम दोन प्रसंग निवडता आणि त्यांची तुलना आजच्या एकाच मालिकेतील नावडत्या बाबींशी करता. त्या दशकातील ‘बियाँड द बियाँड’ आज कुणाला आठवतो? प्रत्येक पाच-दहा पावलांवर येणाऱ्या लढाया, रटाळ कथा आणि कंटाळवाणी चक्रव्यूहे असलेले असे कितीतरी खेळ तेव्हाही निघत होते. ते विसरले गेले म्हणून तो काळ उजळ दिसतो. ‘झेनोगिअर्स’ची दुसरी डिस्क तर खुर्चीत बसलेल्या पात्रांच्या निवेदनातून कथेचे मोठमोठे टप्पे केवळ सांगून टाकते. खेळाडूच्या हातातून खेळ काढून घेण्याचे याहून ठळक उदाहरण दुसरे नाही, आणि ते १९९८ सालचे आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ७’ २००० साली आला. त्यात पहिली लढाई येईपर्यंत काही तास निघून जातात.

आता आजच्या काळातले जे आपण वगळले ते पाहू. ‘पर्सोना ३’पासून, म्हणजे २००६ पासून, अ‍ॅटलस कंपनीच्या या खेळांमध्ये दिनदर्शिका ही खेळाचा कणा आहे. मोजके दिवस, त्यांत शाळा, मैत्री, अभ्यास आणि युद्धाची तयारी. आजची संध्याकाळ कुणाला द्यायची हे खेळाडूच ठरवतो आणि एकाला दिलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही. कात्सुरा हाशिनो यांच्या २०२४ च्या ‘मेटाफर: रीफँटाझिओ’मध्ये हीच रचना प्रवासाला जोडलेली आहे, कारण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यातही दिवस खर्च होतात. त्याच्या लढाईत शत्रूचे मर्म ओळखले तर आपल्याला जास्त चाली मिळतात आणि चुकीचा हल्ला केला तर आपल्या चाली वाया जातात. धागाकर्ते ज्या प्रश्नाची वाट पाहत आहेत, तो कोणत्या शत्रूवर काय वापरावे हा प्रश्न या खेळात जवळजवळ प्रत्येक लढाईत विचारला जातो. असा खेळ याच दशकात निघत असेल तर संपूर्ण प्रकाराला घसरणीचा शिक्का कसा मारता येईल?

तिसरी पाळी:

आपल्या दोघांच्या बोलण्यात निर्मितीच्या खर्चाचा मुद्दा आलेला नाही आणि माझ्या मते बरेचसे उत्तर तिथेच आहे. ‘फायनल फँटसी’चे पहिले सहा भाग १९८७ ते १९९४ या सात वर्षांत आले. पंधरावा भाग मात्र २००६ मध्ये ‘व्हर्सस १३’ या नावाने जाहीर झाला आणि नाव, रूप व दिग्दर्शक बदलून २०१६ मध्ये लोकांच्या हाती पडला. पूर्वी एवढ्या काळात एक अख्खी पिढी सहा वेगवेगळे प्रयोग करून पाहत होती. प्रयोग फसला तरी दीड-दोन वर्षांत दुसरा करता येत होता.

यात आवाजाने फार मोठा फरक घडवला. या मालिकेच्या मुख्य भागांत पात्रांना आवाज मिळाला तो २००१ च्या दहाव्या भागात. त्यातील नायक टीडसचे नाव खेळाडूला बदलता येते, म्हणून अख्ख्या खेळात त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. खेळाडूला दिलेली एक छोटीशी मुभा सांभाळण्यासाठी लेखकांना प्रत्येक संवाद त्या नावाला वळसा घालून लिहावा लागला, इतकी ही गोष्ट अवघड असते. १९९४ मध्ये सिड वाचला तर एक आणि दगावला तर दुसरा, असे दोन प्रसंग लिहायचे म्हणजे काही ओळींचा मजकूर आणि आधीच तयार असलेल्या चित्रांची वेगळी हालचाल. आज त्याच दोन वाटांसाठी अभिनेते, चेहऱ्यांचे हावभाव, प्रकाशयोजना आणि जपानी-इंग्रजीसह अनेक भाषांतील ध्वनिमुद्रण लागते. एवढा खर्च करून बनवलेला प्रसंग निम्म्या खेळाडूंना दिसणारच नाही, ही कल्पना कोणत्याही कंपनीच्या गळी उतरवणे कठीण आहे. धागाकर्ते ज्याला खेळाडूवर कमी सोपवणे म्हणतात ते माझ्या मते बहुतांशी अंदाजपत्रकाचे ओझे आहे.

त्याखेरीज पैसा फोनकडे वळला. २०१२ मध्ये ‘पझल अँड ड्रॅगन्स’ आला आणि त्याच वर्षी जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेला ‘कोम्पू गाचा’वर, म्हणजे सोडतीतून मिळणाऱ्या ठरावीक वस्तूंचा संच पूर्ण केल्यावरच दुर्मीळ बक्षीस देण्याच्या पद्धतीवर, बंदी आणावी लागली. साधी सोडत मात्र चालूच राहिली. एकदा बनवून एकदा विकायच्या मध्यम आकाराच्या खेळापेक्षा वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी सोडत व्यापाऱ्याला अधिक प्यारी वाटणार, हे उघड आहे.

निळी शाई:

एक वेगळा मुद्दा मांडते. महाराष्ट्रात आपल्यापैकी पुष्कळ जणांची या प्रकाराशी ओळख संगणकावर किंवा फोनवर एम्युलेटरमधून, म्हणजे खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीतून, खेळलेल्या पोकेमॉनमुळे झाली. हे खेळ मराठीत किंवा हिंदीत नव्हते. आम्ही ते इंग्रजीत वाचत खेळलो. त्या खेळांतला संवाद चौकटीत उमटत असे आणि बटण दाबेपर्यंत तिथेच थांबत असे. न समजलेला शब्द शोधून, वाक्य पुन्हा वाचून, मगच पुढे जाता येत होते. आजच्या ध्वनिमुद्रित प्रसंगांत पात्रे आपापल्या वेगाने बोलतात आणि उपशीर्षके त्यांच्यामागे धावतात. खेळ थांबवता येतो, पण थांबवल्यावर प्रसंग तुटतो. ज्यांच्या भाषेत हे खेळ निघतात त्यांना हा फरक जाणवणार नाही कदाचित. परभाषेत खेळणाऱ्याला मात्र तो पदोपदी जाणवतो. कथेचा वेग आपल्या हाती असणे हीदेखील खेळाडूवर सोपवलेली गोष्टच होती, म्हणून धागाकर्त्यांच्या मूळ विधानाशी मी सहमत आहे.

उत्तररात्र:

पानगळ यांचा ‘मेटाफर’विषयीचा मुद्दा वजनदार आहे. त्याची लढाई या दशकातील उत्तम लढायांपैकी आहे, हे मी निःसंकोच म्हणेन. परंतु दिनदर्शिकेच्या रचनेतही खेळाडूला हाताला धरून नेण्याची सवय शिरलेली आहेच. ‘पर्सोना ५’मध्ये कथेचा प्रसंग पार पडला की मॉर्गाना हे बोलके मांजर आपल्याला थकलास, झोप, असे सांगते आणि संध्याकाळ संपते, मोकळ्या वाटणाऱ्या त्या दिनदर्शिकेतील कितीतरी दिवस खेळानेच आधी भरून ठेवलेले असतात. शंभर तासांच्या आसपास चालणाऱ्या खेळात पात्रांनी नुकतीच झालेली घटना फोनवरच्या संदेशांतून पुन्हा एकमेकांना समजावून सांगावी, याचे समर्थन मला सापडत नाही. ‘क्रोनो ट्रिगर’ पंचवीसेक तासांत संपतो आणि त्यात असे पुनःकथन जवळपास नाही.

तिसरी पाळी यांनी सांगितलेली खर्चाची कारणमीमांसा मला पटते, पण ती अपुरी आहे. निळी शाई यांनी पोकेमॉनचा उल्लेख केला, तेच उदाहरण घेऊ. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये पात्रांना बोलता आवाज नाही, महागडे चेहऱ्यांचे अभिनय नाहीत. तरीही ते खेळ अडखळणाऱ्या हालचाली, अचानक प्रकट होणारी माणसे आणि जमिनीत रुतणारे प्राणी अशा अवस्थेत दुकानात आले, कारण त्याच वर्षी जानेवारीत ‘लेजेंड्स: आर्सेउस’ देऊन झालेल्या गेम फ्रीक या निर्मात्या कंपनीला नोव्हेंबरची तारीखही गाठायची होती, असेच मला दिसते. पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या जगभर एक कोटी प्रती खपल्या. सोयरीक नावावर जुळते तिथे गुण तपासण्याची निकड कंपनीला उरत नाही. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये कथा संपल्यावर आधीच्या खेळाचा अख्खा प्रदेश पुन्हा उघडत असे, तेही एका छोट्या कार्ट्रिजमध्ये.

पानगळ:

त्याच ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ने मालिकेत प्रथमच जिम (पोकेमॉन लढवय्यांची आव्हानस्थळे), टायटन (महाकाय पोकेमॉन) आणि टीम स्टार (एक टोळी) या तीन वाटा हव्या त्या क्रमाने चालण्याची मोकळीक दिली, हे सांगायचे राहून गेले. प्रतिस्पर्ध्यांच्या पातळ्या मात्र ठरलेल्याच ठेवल्याने ती मोकळीक अर्धवट राहिली, हे मान्य. पण तांत्रिक हलगर्जी आणि खेळाडूला कमी वाव, या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि या खेळात पहिली खरी असताना दुसरी खरी नाही.

खर्चाच्या बाबतीत मी निहोन फाल्कॉमकडे लक्ष वेधू इच्छितो. ही जुनी आणि तुलनेने लहान कंपनी आहे. तिच्या ‘ट्रेल्स’ मालिकेत २००४ च्या ‘ट्रेल्स इन द स्काय’पासून एक शिस्त पाळली गेली आहे: कथेत काही घडले की गावातील बहुतेक प्रत्येक माणसाचे बोलणे बदलते. बेकरीवाला, शाळकरी मुले, पहाऱ्यावरचा शिपाई, सगळ्यांची आयुष्ये आपल्या मागे पुढे सरकत राहतात आणि ती पाहायची की नाही हे सर्वस्वी खेळाडूवर असते. त्यासाठी बाण नाही, खूण नाही, बक्षीसही नाही. बहुतेक खेळाडू या संवादांतील निम्मेही वाचत नसतील आणि तरी ते लिहिले जातात. २०२५ मध्ये पहिल्या भागाची नवी आवृत्ती आली तेव्हा ही पद्धत टिकून राहिली. धागाकर्त्यांना हवे ते एकवीस वर्षे अखंड चालू असताना केवळ सर्वाधिक गाजावाजा होणाऱ्या मालिकांकडे बोट दाखवून प्रकार बुडाला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तररात्र:

प्रकार बुडाला असे मी म्हटलेले नाही. माझे म्हणणे त्याच्या मुख्य प्रवाहाबद्दल आहे, आणि फाल्कॉम मुख्य प्रवाहात नाही हेच माझे दुःख आहे.

२०२५ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथील सँडफॉल या नव्या कंपनीने ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’ आणला. पाळीपाळीने चालणारी लढाई, भव्य चित्रण, अभिनेत्यांचे आवाज, हे सगळे त्यात आहे. आणि त्याचबरोबर पायी हिंडता येणारा जगाचा नकाशाही आहे, ज्यावर आपली छोटीशी मंडळी फिरते, लांबून विचित्र आकार दिसतात आणि जाऊन पाहिल्यावर कधी दुकानदार तर कधी आवाक्याबाहेरचा शत्रू भेटतो. ‘फायनल फँटसी’ने असा नकाशा २००१ मध्ये काढून टाकला आणि हवाई जहाजाची जागा ठिकाणांच्या यादीने घेतली. मोठ्या खर्चाच्या काळात हे शक्य नाही असे आपण वीस वर्षे ऐकत आलो. एका परदेशी, पहिलाच खेळ करणाऱ्या कंपनीने ते करून दाखवले.

तिसरी पाळी:

त्या खेळातील वेळ साधून बटण दाबण्याची कल्पना १९९६ च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’मध्ये ‘फायनल फँटसी’ बनवणाऱ्या स्क्वेअरनेच रुजवली होती, त्यामुळे उसनवारीची दिशा लक्षात ठेवावी. मात्र जगाच्या नकाशाबद्दल मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, कारण तिथे खर्चाचे कारण खरोखरच लागू पडत नाही. लहान प्रमाणात काढलेला नकाशा हा प्रत्येक दगड तपशिलाने घडवलेल्या मोकळ्या मैदानापेक्षा स्वस्तच पडतो.

‘फायनल फँटसी ७’च्या नव्या रूपाचा तिसरा भाग अजून यायचा आहे. १९९७ च्या मूळ खेळात नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात एक बेट होते, जे खेळातल्या नकाशावर दाखवलेलेच नव्हते. सोनेरी चोकोबोवर, म्हणजे स्वारीच्या मोठ्या पक्ष्यावर, बसून समुद्र ओलांडणाऱ्यालाच तिथले ‘नाइट्स ऑफ द राउंड’ हे जादूचे रत्न मिळे. ते बेट नव्या भागात ठेवतात का, आणि ठेवले तर चॅडली त्याच्यावर आधीच खूण करून देतो का, हे पाहिल्यावर मी या धाग्यावर पुन्हा लिहीन.