मदत हवी आहे: फ्रीमाँटमधल्या अफगाण शेजारणीसाठी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. सोव्हिएत आक्रमणानंतर इथे बरीच अफगाण कुटुंबं आली, म्हणून सेंटरव्हिल भागाला 'लिटल काबूल' म्हणतात. नान, हलाल मटण सगळं मिळतं. अडतंय ते पुढचं.

शेजारच्या ताई काबूलला शाळेत गणित शिकवायच्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने शहर घेतलं आणि त्यांना सगळं सोडून निघावं लागलं. नवरा अमेरिकी सैन्याचा दुभाष्या, त्यामुळे विशेष व्हिसावर ग्रीन कार्ड झालं. तो रात्रपाळी करतो, या दिवसभर घरात. दरी (अफगाणिस्तानातली फारसी) बोलतात, हिंदी बऱ्यापैकी समजते, म्हणून आमच्या गप्पा होतात. इंग्रजी मात्र येत नाही. शाळेची पत्रं धाकटा मुलगा वाचून दाखवतो, पालकसभेतही दुभाष्या तोच. स्वतःबद्दलची तक्रार तो आईला कशी सांगणार? एवढ्याशा पोरावर हा भार नको, असं मला फार वाटतं.

पदवीची मूळ कागदपत्रं तिकडेच राहिली, फोनमध्ये फक्त गुणपत्रिकेचा फोटो आहे. तेवढ्यावर इथे पदवीचं मूल्यांकन कुणी करून घेतलंय का? निदान शाळेत शिक्षक-मदतनीस म्हणून तरी लागता येईल का?

आणि दुसरं, जास्त तातडीचं. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, फटाक्यांच्या वेळी ताई मुलांना घेऊन बाथरूममध्ये दार लावून बसल्या होत्या. दरी बोलणारी स्त्री समुपदेशक बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) कुणाला माहीत आहे का? नवऱ्यासमोर त्या यावर बोलत नाहीत, तेव्हा कृपया मला मेसेज करा.