हॉटेलचे पॉइंट्स : तुमच्या पदरात नेमकं काय पडलं?

हॉटेल साखळ्यांच्या लॉयल्टी प्रोग्रॅममध्ये (मुक्कामावर पॉइंट्स मिळतात, ते पुढच्या मुक्कामाला पैशांऐवजी वापरायचे) नाव बहुतेकांनी नोंदवलेलं असतं, फुकट वायफायसाठी का होईना. पुढे त्याचं काय झालं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. किती साठले ते नको, कुठे आणि कसे वापरले ते लिहा. फसलेले किस्से आधी आले तरी चालतील.

सुरुवात माझ्यापासून. सहा वर्षं कामासाठी फिरत होते आणि पॉइंट्स 'एखाद्या मोठ्या सहलीसाठी' राखून ठेवत होते. सहल ठरली तेव्हा बघते तर ज्या हॉटेलवर डोळा होता, तिथे एका रात्रीला जवळजवळ दुप्पट पॉइंट्स लागत होते. साठा तेवढाच, रात्री निम्म्या. बँकेतल्या ठेवीवर निदान व्याज मिळतं, ही ठेव पडल्या पडल्या आटते. आता दीड-दोन वर्षांत काढून मोकळी होते.

हिशेबी
मी आधी भागाकार करतो. करासकट रोख भाडं भागिले लागणारे पॉइंट्स. येणारा आकडा वहीत लिहून ठेवतो आणि नव्या बुकिंगचा आकडा त्याहून कमी आला तर सरळ रोख भरतो. पॉइंट्सवर राहिलं की त्या मुक्कामाचे नवे पॉइंट्स सहसा मिळत नाहीत, तेही वजा धरायचं.
कुठल्या हॉटेलला रात्रीचे किती पॉइंट्स, याचे ठरलेले तक्ते हॉटेल साखळ्यांपैकी हिल्टनने 2017 मध्ये आणि मॅरियटने 2022 मध्ये बंद केले. तिथे भाडं चढलं की बहुधा पॉइंट्सही चढतात. हयातने तक्ता ठेवला आहे. गर्दीच्या रात्री जास्त पॉइंट्स लागतात, पण त्याला वरची मर्यादा असते. एका परिषदेच्या आठवड्यात रोख भाडं तिपटीवर गेलं होतं, त्या तीन रात्री मी पॉइंट्सवर काढल्या. माझ्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा तोच.
रिसॉर्ट फी (भाड्याशिवाय रोज वेगळं लावलेलं शुल्क) घेणारी हॉटेलंही बघून ठेवा. पूर्ण पॉइंट्सवर राहिलात तर हिल्टन आणि हयातमध्ये ती लागत नाही.

उशिरा जागा झालेला
पाच रात्रींचा नियम सर्वांना माहीत असेलच, मला नव्हता. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर त्यातली सर्वात कमी पॉइंट्सची रात्र मोफत. हिल्टनमध्ये पाचवी रात्र मोफत, पण सिल्व्हर किंवा त्यावरचं स्टेटस, म्हणजे नेहमी राहणाऱ्या मेंबरांना मिळणारा दर्जा, हवा. मी आधी तीन रात्री घेतल्या, मग रजा वाढली म्हणून त्याच हॉटेलात पुढच्या दोन वेगळ्या घेतल्या. दोन बुकिंग, सवलत शून्य. पहिलं रद्द करून पाचांचं एकच केलं असतं तर काम झालं असतं. रद्द करायची मुदतही शिल्लक होती!

सुटकेसवाली
माझा किस्सा काउंटरवरचा. मेंबरशिप नंबर दाखवला. पलीकडच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मॅडम, बुकिंग दुसऱ्या साइटवरून आहे ना?"
"हो. का?"
"मग यावर पॉइंट्स बसणार नाहीत. स्टेटससाठी रात्रीही मोजल्या जाणार नाहीत."
चार रात्री गेल्या. आता थेट हॉटेलच्या साइटवर मेंबर दर बघते. फरक थोडा असेल तर तिथेच बुक करते, पण बाहेर बरंच स्वस्त मिळत असेल तर खुशाल बाहेरून घेते. पॉइंट्सपायी जास्त पैसे मोजणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
एक जमलेली गोष्ट पण सांगते. घरच्यांसाठी तीन खोल्या घेतल्या होत्या, बिल मी भरलं आणि एका खोलीत मी स्वतः होते. मॅरियटमध्ये अशा वेळी तिन्ही खोल्यांचे पॉइंट्स मिळतात. रात्री मात्र एकाच खोलीच्या मोजतात.

पन्नाशीचा बळी
मॅरियटच्या प्लॅटिनम स्टेटसला वर्षाला 50 रात्री लागतात. डिसेंबरात माझ्या 45 झाल्या होत्या. उरलेल्या पाच स्वखर्चाने, घरापासून वीस मिनिटांवरच्या हॉटेलात काढल्या. बायको एकदाही आली नाही. पुढच्या वर्षी नोकरी बदलली, प्रवास संपला आणि ते कार्ड पाकिटात पडून राहिलं.

गच्च झोपाळू
@पन्नाशीचा बळी, तुमचं दुःख समजतं, पण प्लॅटिनमला अगदीच मोडीत काढू नका. आमचं विमान रात्रीचं होतं, मुलाला ताप. चार वाजताचा लेट चेकआउट मिळाला, तो तोपर्यंत पडद्याआड झोपून होता. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदांच्या) हॉटेलांत मात्र खोली उपलब्ध असेल तरच देतात, तेव्हा आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

विसराळू
थोडक्यात: सगळे पॉइंट्स बाद. दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नव्हती. मॅरियट, हिल्टन, हयात या तिघांत ही मुदत 24 महिन्यांची आहे, आयएचजी या आणखी एका साखळीत स्टेटस नसेल तर 12. एका रात्रीच्या मुक्कामानेसुद्धा मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

धागाकर्ती
@विसराळू, अरेरे. मी आत्ता उठून माझी तीन खाती उघडली. एकाचे पुढच्या महिन्यात संपत होते.